आक्षेपार्ह, सज्जड, रंगेहाथ : पुराव्याचे शब्द वापरताना

‘घरझडतीत आक्षेपार्ह असे काहीएक मिळून आले नाही.’ पंचनाम्यातलं हे वाक्य पोलीस स्टेशनच्या कागदावरून बातमीत उतरतं आणि बातमीतून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातं. व्याकरणात ते कुठेही चुकलेलं नाही. चुकलाय तो त्यातला मुख्य शब्द. आक्षेपार्ह म्हणजे ज्याला हरकत घेता येईल असं. एखादी चिथावणीखोर पोस्ट आक्षेपार्ह असते, अश्लील फलक आक्षेपार्ह असतो. चोरीच्या तपासात घराची झडती घेणारा जमादार यांपैकी काहीच शोधत नसतो. त्याला हवी असते ‘हा माणूस’ आणि ‘तो गुन्हा’ यांना जोडणारी वस्तू. वकील मंडळी तिला ‘इन्क्रिमिनेटिंग’ म्हणून मोकळी होतात. आपल्याला मराठीत लिहायचं असतं, आणि तिथे गाडं अडतं.

वाशीम जिल्ह्यातल्या जऊळका रेल्वे आणि आसपासच्या गावांतून बातम्या पाठवणारे वार्ताहर, पोलीस पाटील, पंच म्हणून सहीला बोलावले जाणारे गावकरी आणि नुकती सनद घेतलेले वकील यांच्यासाठी हा लेख आहे. या सगळ्यांना कधी ना कधी कोणाच्या तरी विरोधातल्या पुराव्याबद्दल चार ओळी लिहाव्या लागतात. त्या चार ओळींमधल्या एका विशेषणाने एखाद्याचं गावातलं नाव जातं.

कोशाच्या वाटेने गेलं तर ‘अपराधात गोवणारा’ असा प्रतिशब्द हाती येतो. अर्थ बरोबर, पण बोलीत तो उलटा पडतो. ‘माझ्या भावाला यात गोवलं’ असं म्हणणारी बाई भावाने काही केलेलंच नाही, असं सांगत असते. मराठी माणसाच्या कानाला गोवणं म्हणजे बळेच ओढणं. ‘अडकवणारा पुरावा’ म्हटलं तरी तीच गत. ऐकणाऱ्याला वाटतं, कोणीतरी मुद्दाम वस्तू नेऊन ठेवली असावी. म्हणून मी दोन साधे प्रयोग सुचवतो: ‘गुन्ह्याशी जोडणारा पुरावा’ आणि ‘आरोपीविरुद्ध जाणारा पुरावा’. पहिला तपासाच्या टप्प्यावर शोभतो, दुसरा खटल्याच्या. ‘दोषदर्शक’, ‘दोषसूचक’ हे शब्दही चांगले आहेत, पण ते निकालपत्राच्या भाषेतले. बातमीत ते वाचकाला दोनदा वाचावे लागतात.

‘आरोपीविरुद्ध जाणारा’ या प्रयोगाला कायद्याचाही आधार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 351 नुसार (जुन्या संहितेचं कलम 313) सरकार पक्षाचे साक्षीदार तपासून झाले की न्यायाधीश आरोपीला विचारतात: तुमच्याविरुद्ध अमुक गोष्ट पुराव्यात आली आहे, तिचा काही खुलासा आहे का? वार्ताहर मंडळी ही तारीख ‘आज काही झालं नाही’ म्हणून सोडून देतात. खरं तर आरोपीच्या विरोधात नेमकं काय काय आलं, याची सगळ्यात नेटकी यादी त्या दिवशीच ऐकायला मिळते. जी बाब आरोपीला विचारलीच गेली नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने शरद बिरधीचंद सारडा खटल्यात 1984 साली सांगितलं. त्या खटल्याकडे पुन्हा येऊच.

आता एक कल्पित प्रकरण घेऊ. समजा, जऊळक्याच्या शिवारात शेतातल्या गोठ्यातून रात्री सोयाबीनचे वीस कट्टे गेले. शेतकऱ्याने सकाळी पोलीस स्टेशनला रिपोर्ट दिला. ठाणेदारांनी माणसं पाठवली. गोठ्याचं कुलूप तुटलेलं, दारात चारचाकीच्या चाकांच्या खुणा, वाटेवर सांडलेले दाणे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या गावातल्या एकाच्या घरामागे बारा कट्टे मिळाले. इथपर्यंत काय काय म्हणता येईल?

चाकांच्या खुणा आणि सांडलेले दाणे हा ‘माग’ आहे. माग म्हणजे तपासाला दिशा देणारी खूण. तिच्यावरून कोणी दोषी ठरत नाही, पण पोलीस कुठल्या रस्त्याने जातील ते ठरतं. ‘धागादोरा’ आणि ‘सुगावा’ हे त्याच घरातले शब्द. ‘पोलिसांच्या हाती महत्त्वाचे पुरावे लागले’ असं आपण पहिल्याच दिवशी लिहितो, तेव्हा बहुतेक वेळा हाती फक्त माग लागलेला असतो.

घरामागे मिळालेले बारा कट्टे म्हणजे ‘मुद्देमाल’ का? पोलिसांच्या नोंदीत हो. पण तो याच चोरीतला आहे हे अजून दाखवायचं आहे, आणि सोयाबीनमध्ये खरी मेख इथेच आहे. एका शेतातला दाणा दुसऱ्या शेतातल्या दाण्यासारखाच दिसतो. मालक शपथेवर सांगेल की हे माझंच पीक, पण ओळख पटवणार कशाने? कट्ट्यावर छापलेलं नाव, शिलाईची सुतळी, बाजार समितीतली काटापट्टी, एखाद्या कट्ट्याला लावलेलं ठिगळ अशा गोष्टी मालाला मालकाशी जोडतात. वार्ताहराने नेमकं हेच विचारावं आणि लिहावं. ‘चोरीचा माल हस्तगत’ लिहिण्याआधी ‘चोरीचा असल्याचा संशय असलेले बारा कट्टे जप्त’ असं लिहिलं तर काही बिघडत नाही. शीर्षक थोडं लांबतं, एवढंच.

माल मालकाचाच आहे हे पटलं, तर मात्र कायदा एक पाऊल पुढे जातो. चोरीनंतर लवकरच चोरीचा माल ज्याच्या ताब्यात सापडतो आणि ज्याला त्याचा खुलासा देता येत नाही, तो एक तर चोर किंवा जाणूनबुजून चोरीचा माल घेणारा, असं गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात हे कलम 114 मध्ये दृष्टान्त म्हणून दिलेलं होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 119 मध्ये आहे. मुभा म्हणजे सक्ती नव्हे. शिवाय यात ‘लवकरच’ आणि ‘ताब्यात’ हे दोन शब्द भारी आहेत. घरामागची जागा उघडी असेल, तिथून गावाची पायवाट जात असेल, तर ‘ताब्यात’ म्हणणं कठीण होतं.

नव्या कायद्याच्या नावातल्या ‘साक्ष्य’ या शब्दाने आपल्याकडे थोडा गोंधळ उडाला आहे. हिंदीत साक्ष्य म्हणजे एकूण पुरावा. मराठीत साक्ष म्हणजे माणसाने तोंडी सांगितलेली. तेव्हा ‘चाकूची साक्ष नोंदवली’ असलं काही लिहू नये. साक्ष साक्षीदार देतो; वस्तू, कागद, चित्रण हा पुरावा; दोन्ही मिळून ‘साक्षीपुरावा’. वऱ्हाडात पोलिसांपुढे दिलेल्या जबाबाला सर्रास ‘बयाण’ म्हणतात. तेही साक्ष नव्हे. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही नसते. न्यायालयात त्याचा उपयोग मुख्यतः साक्षीदार आधी काय बोलला होता ते दाखवून त्याला उलट प्रश्न विचारण्यापुरता होतो.

आता विशेषणांकडे वळू. मराठीत पुराव्याला लावायची विशेषणं उदंड आहेत आणि म्हणूनच ती स्वस्त झाली आहेत. प्रत्येकाची धार मात्र वेगळी आहे. ‘प्रथमदर्शनी’ हे सगळ्यात खालचं. खटला पुढे चालवण्याइतकं काहीतरी दिसतं, एवढाच त्याचा अर्थ. जामीन नाकारताना न्यायाधीश ‘प्रथमदर्शनी पुरावा आहे’ म्हणतात, तेव्हा त्यांनी कोणाला दोषी ठरवलेलं नसतं. ‘ठोस’ म्हणजे पोकळ नसलेला, हातात धरता येईल असा. वस्तू, कागद, चित्रण यांना तो लावावा, अफवेला नको. ‘सबळ’ हा न्यायालयाच्या तोंडी रुळलेला शब्द, दोषसिद्धीचं वजन पेलणारा. ‘भक्कम’ आणि ‘भरभक्कम’ हे सरकारी वकिलाच्या मुलाखतीतले. ‘सज्जड’ मला आवडतो, पण त्यात वजनाबरोबर दटावणीही आहे; आपण सज्जड दमही देतो. तेव्हा तो मतप्रदर्शनाच्या लेखात ठेवावा. ‘अकाट्य’ हिंदीतून आला आहे, आपल्याकडे त्यासाठी ‘बिनतोड’ असताना त्याची गरज नाही. बिनतोड म्हणजे ज्याला तोड नाही, उत्तर नाही. खटल्याचा निकाल लागेपर्यंत बचाव पक्षाचं उत्तर ऐकलेलंच नसतं; मग बिनतोड कशाच्या जोरावर लिहिणार? ‘ढळढळीत’ आणि ‘धडधडीत’ यांचंही तसंच. धडधडीत खोटं असतं, ढळढळीत सत्य असतं. पुरावा ढळढळीत आहे की नाही हे वरच्या न्यायालयात जाईपर्यंत कळत नाही.

आणि ‘निर्णायक’? तो निकाल वाचल्यावर वापरावा. तोही निकालाने कोणत्या पुराव्यावर भिस्त ठेवली हे वाचून.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ‘परिस्थितिजन्य पुरावा’ या शब्दाबाबत. तो दुय्यम किंवा कच्चा असतो असा समज आहे. ते खरं नाही. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार खोटं बोलू शकतो, घाबरू शकतो, फितूर होऊ शकतो. परिस्थितीत असा बदल होत नाही, मात्र तिचा अर्थ लावताना माणूस चुकतो. 1952 साली, म्हणजे वाशीम अकोला जिल्ह्यातला तालुका होता आणि अकोला नागपूर राजधानीच्या मध्य प्रदेशात होता त्या काळात, हनुमंत गोविंद नरगुंदकर यांच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने हा धोका सांगून ठेवला: परिस्थितिजन्य पुराव्याच्या खटल्यात अंदाज आणि संशय हळूच पुराव्याच्या जागी येऊन बसतात. नरगुंदकर हे त्या प्रांताचे अबकारी आयुक्त होते. त्यांची निर्दोष मुक्तता झाली.

पुण्याच्या सारडा खटल्यात सत्र न्यायालयाने फाशी दिली होती, उच्च न्यायालयाने ती कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं. तिथे न्यायमूर्ती फजल अली यांनी घालून दिलेल्या पाच कसोट्यांना वकील ‘पंचशील’ म्हणतात. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली हवी. ती आरोपीच्या दोषाशीच जुळणारी हवी. ती निर्णायक स्वरूपाची हवी. दुसरी कुठलीही शक्यता तिने उरू देता कामा नये. आणि साखळी इतकी पुरी हवी की आरोपी निर्दोष असण्याला वाजवी जागाच राहू नये. त्याआधी 1973 साली, महाराष्ट्रातूनच गेलेल्या शिवाजी साहेबराव बोबडे खटल्यात न्यायालयाने ‘असू शकतो’ आणि ‘असलाच पाहिजे’ यांच्यातलं अंतर मोठं असल्याचं बजावलं होतं. सारडा निकालाने तेच पुढे नेलं.

मराठी लिहिणाऱ्याला हे अंतर क्रियापदातच तयार मिळतं. ‘त्यानेच कट्टे नेले असतील’, ‘नेले असावेत’, ‘नेले असणार’, ‘नेले’. चार पायऱ्या, आणि चौथ्या पायरीवर फक्त न्यायाधीशाने पाय ठेवायचा. आपण ‘म्हणे’, ‘कळते’, ‘समजते’ लावून सुटका करून घेतो. ‘त्यानेच नेल्याचे समजते’ या वाक्यात कोणाला समजलं आणि कोणी सांगितलं हेच गाळलेलं असतं. त्यापेक्षा ‘त्याने नेल्याचा पोलिसांचा आरोप आहे’ हे सरळ आहे. यात बोलणाऱ्याचं नाव आहे.

गुन्हेवृत्तात सर्वात लाडकं वाक्य कोणतं, विचाराल तर: ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ मला या वाक्याची धास्ती वाटते. ते लिहिणारा पोलिसांचं कौतुक करत असतो आणि त्याच वाक्यात मारहाणीची बातमी देत असतो. शिवाय ती कबुली न्यायालयात कवडीमोल आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे 1872 पासून चालत आलेलं तत्त्व नव्या अधिनियमाच्या कलम 23 मध्ये कायम आहे. पोलिसांच्या ताब्यात असताना दिलेला कबुलीजबाब चालण्यासाठी तो दंडाधिकाऱ्यांसमोर, आणि स्वेच्छेने दिलेला असावा लागतो. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, ही तर संविधानाच्या अनुच्छेद 20 मधलीच हमी आहे. (बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने देणं या हमीत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी 1961 साली मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या प्रकरणात दिला.)

कबुलीजबाबाच्या कलम 23 च्या परंतुकात एक अपवाद आहे, आणि पंचांनी तो नीट समजून घ्यायला हवा. ताब्यातल्या आरोपीने माहिती दिली आणि तिच्यामुळे एखादी गोष्ट उघड झाली, तर त्या उघड झालेल्या गोष्टीशी थेट जोडलेला माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात घेता येतो. प्रिव्ही कौन्सिलच्या पुलुकुरी कोटय्या निकालापासून याचा अर्थ असा लावला जातो: आरोपीला वस्तू कुठे आहे हे माहीत होतं, एवढं सिद्ध होतं. आपल्या उदाहरणात आरोपी म्हणाला, ‘मी चोरलेले आठ कट्टे नाल्याकाठच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली ठेवले आहेत, चला दाखवतो,’ तर ‘ढिगाखाली ठेवले आहेत, दाखवतो’ हे आत आलं. ‘मी चोरलेले’ हे बाहेर राहिलं. म्हणून पोलिसांच्या कागदात दोन वेगळे पंचनामे असतात: आधी मेमोरंडम, म्हणजे आरोपीच्या निवेदनाचा, आणि मग जप्तीचा. ‘मिळून आले’ आणि ‘आरोपीने काढून दिले’ यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. पंच म्हणून बोलावलं गेलात तर दोन्ही वेळा हजर राहा, लिहिलेलं स्वतः वाचा, जागेचं वर्णन तपासा आणि मगच सही करा. दोन-चार वर्षांनी उलटतपासणीत वकील विचारणार आहे की ढीग रस्त्याच्या डाव्या हाताला होता की उजव्या. झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण करणं आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने बंधनकारक केलं आहे, तेव्हा कोऱ्या कागदावर सही करून घरी जाणाऱ्या पंचांचे दिवस संपायला हरकत नाही.

चित्रण आलं की ‘सीसीटीव्हीत कैद’ येतं. समजा, पेट्रोलपंपाच्या कॅमेऱ्यात मालवाहू गाडी दिसली. ती तिथून गेली हे कळलं, तिच्यात कट्टे कोणाचे होते हे नाही. शिवाय मूळ यंत्र न आणता त्यातली नक्कल हजर करायची तर सोबत कायद्याने ठरवून दिलेलं प्रमाणपत्र लागतं. हा वाद जालन्यातूनच दिल्लीला गेला होता. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या चित्रणावरून ठरवायचं होतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये प्रमाणपत्राची सक्ती स्पष्ट केली. नव्या अधिनियमात ती तरतूद कलम 63 मध्ये आहे. गावातल्या दुकानदाराने कॅमेऱ्यातलं चित्रण मोबाइलवर घेऊन ग्रुपवर टाकलं, म्हणजे पुरावा दिला असं नाही. त्याने मूळ नोंद पुसली जाऊ न देता पोलिसांना कळवणं जास्त उपयोगाचं.

‘रंगेहाथ’ हा शब्द लाचेच्या सापळ्यात शब्दशः खरा ठरतो. नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची भुकटी लावलेली असली, तर नोटा घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवले की पाणी गुलाबी होतं. महाराष्ट्रात अँथ्रासीनची भुकटीही वापरतात. ती अतिनील दिव्याखाली चमकते. पण नुसता रंग पुरत नाही, लाच मागितली होती हेही सिद्ध व्हावं लागतं. नीरज दत्ता प्रकरणात डिसेंबर 2022 मध्ये घटनापीठाने सांगितलं की तक्रारदार वारला किंवा फितूर झाला तरी ही मागणी परिस्थितिजन्य पुराव्याने सिद्ध करता येते. मागणीची अट मात्र सुटत नाही. तेव्हा ज्याला गुन्हा करतानाच पकडलं त्यालाच रंगेहाथ म्हणा. तिसऱ्या दिवशी घरामागे कट्टे सापडलेला माणूस रंगेहाथ पकडलेला नसतो.

म्हणींपासूनही जपायला हवं. ‘चोराच्या मनात चांदणं’, ‘कर नाही त्याला डर कशाला’, ‘विस्तवाशिवाय धूर नाही’ या तिन्ही म्हणी निकाल आधी लावून मोकळ्या होतात. घटनेनंतर गाव सोडून गेलेल्या माणसाचं वर्तन न्यायालय जरूर पाहतं. अधिनियमाचं कलम 6 त्यासाठीच आहे. पण निर्दोष माणूसही पोलिसांच्या भीतीने पळतो, हे न्यायालयांनी अनेकदा मान्य केलं आहे. शिवाय सोयाबीन निघालं की कामाला पुण्या-मुंबईकडे जाणारे आपल्या भागात थोडे नाहीत. ‘फरार’ लिहिण्याआधी ‘मिळून आला नाही’ पुरेसं आहे का, ते पाहावं.

माणसाला काय म्हणायचं, तेही पुराव्याइतकंच जपून ठरवा. अटकेपूर्वी ‘संशयित’, गुन्ह्यात नाव आल्यावर ‘आरोपी’, शिक्षा झाल्यावर ‘दोषी’. ‘गुन्हेगार’ आणि ‘चोरटा’ हे शब्द अनोळखी, अज्ञात व्यक्तीसाठी ठीक. नाव लिहिलंत की नकोत. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, आणि त्याचं नाव-गाव-शाळा काहीही नाही. निकालाच्या वेळी ‘दोषमुक्त’ आणि ‘निर्दोष मुक्त’ यांची अदलाबदल होते: पुरावा तपासण्याआधीच खटला चालवण्याइतकं काही नाही म्हणून सोडलं तर दोषमुक्त, खटला चालवून सोडलं तर निर्दोष मुक्त. ‘सबळ पुराव्याअभावी’ हे शब्द निकालात असतील तरच लिहावेत. काही निकालांत न्यायाधीश आरोप खोटाच असल्याचं सांगतात, आणि आपण सवयीने तिथेही ‘पुराव्याअभावी’ छापून त्या माणसावर संशय ठेवून देतो.

बदनामीच्या तरतुदीत (भारतीय न्याय संहिता, कलम 356) न्यायालयीन कामकाजाचा सारतः खरा वृत्तान्त छापण्याला अपवाद आहे. त्या अपवादाचा आधार घ्यायचा तर निकाल वाचलेला हवा. त्यासाठी ई-कोर्ट्‌सच्या संकेतस्थळावर खटल्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकावा. तो वकिलाकडून किंवा न्यायालयाच्या कार्यालयातून मिळतो. आणि आपल्या भागातल्या न्यायालयाचं नाव लिहिताना ‘मालेगाव (जि. वाशीम)’ असं पुरतं लिहावं, नाहीतर नागपूर-पुण्याचा वाचक तो मजकूर नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचा समजून वाचतो.